कर्जत लोकल: जिवाभावाचा ग्रुप आणि सीटवरून हाणामारी, दोन्ही एकाच डब्यात कसं काय?

कर्जत ते सीएसएमटी हे अंतर साधारण १०० किलोमीटर. लोकलने दोन तासांच्या आसपास लागतात. म्हणजे नोकरीसाठी रोज मुंबई गाठणारा कर्जतकर दिवसाचे चार तास डब्यात असतो. वर्षातले २८० दिवस कामाचे धरले, तर हे ११२० तास झाले. चोवीस तासांच्या हिशेबाने जवळपास ४७ दिवस. घरातल्या माणसांसोबत जागेपणी सलग इतका वेळ आपण घालवतो का, हे ज्याने त्याने तपासून पाहावं.

या ४७ दिवसांत डब्यात काय काय होतं? डोहाळजेवणं होतात, निवृत्तीचे सत्कार होतात, भजनं रंगतात, लग्नं जुळतात. आणि त्याच डब्यात, त्याच बाकावर, चार इंच जागेवरून कॉलर पकडली जाते. कालपर्यंत कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस आज अनोळखी माणसाच्या अंगावर धावून जातो.

याचं नेहमीचं उत्तर असतं, ‘गर्दी हो, दुसरं काय!’ हे उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे. गर्दी रोजच असते, मारामारी रोज होत नाही. गर्दीतल्याच काही जणांशी आयुष्यभराची मैत्री होते आणि काही जणांचं तोंड बघवत नाही. माणसं एकमेकांकडे का ओढली जातात, एकमेकांत का गुंततात आणि एकमेकांवर का उलटतात, या तीन प्रश्नांवर सामाजिक मानसशास्त्रात गेली सत्तर-ऐंशी वर्षं काम चालू आहे. गंमत म्हणजे त्यातले काही महत्त्वाचे अभ्यास थेट रेल्वेच्या डब्यात आणि फलाटावरच झालेत.

मैत्री निवडून होते की जागेवरून?

आपला समज असा असतो की आपण मित्र निवडतो. स्वभाव जुळले, आवडी जुळल्या, मग मैत्री झाली. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या समजाला धक्का दिला. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या आवारात विवाहित विद्यार्थ्यांसाठी घरं होती. कुणाला कुठलं घर मिळेल हे त्यांच्या हातात नव्हतं. संशोधकांनी विचारलं, तुमची इथे जवळची मैत्री कुणाशी? अगदी शेजारच्या दारातल्या लोकांपैकी ४१ टक्के एकमेकांचे जवळचे मित्र निघाले. दोन दारं सोडून राहणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्क्यांवर आलं, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांत फक्त १० टक्क्यांवर. फरक काही फुटांचा होता.

चाळीत वाढलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. लोकलमध्येही हेच होतं. मागून चौथा डबा, दुसरा दरवाजा, डावीकडची खिडकी, अशी एकदा जागा ठरली की समोर बसणारी तीन-चार माणसंही ठरतात. तुम्ही माणसं निवडलेली नसतात, तुम्ही जिना निवडलेला असतो. दादरला उतरल्यावर जो जिना जवळ पडतो, त्यावरून डबा ठरतो आणि डब्यावरून मित्र.

पण नुसतं जवळ असल्याने आवड का निर्माण व्हावी? याचं एक उत्तर रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये मांडलं. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेसमोर आली की, ती निरुपद्रवी असेल तर, आपल्याला ती हळूहळू बरी वाटायला लागते. अनोळखी चिन्हं, निरर्थक शब्द, चेहरे, सगळ्यांच्या बाबतीत हे दिसलं. १९९२ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात याचा एक मजेशीर प्रयोग झाला. दिसायला साधारण सारख्या चार तरुणींपैकी एक वर्गात पंधरा वेळा येऊन बसली, दुसरी दहा वेळा, तिसरी पाच वेळा आणि चौथी एकदाही नाही. कुणीही वर्गातल्या कुणाशी एक शब्द बोललं नाही. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले. जी जास्त वेळा आली होती, तिला जास्त पसंती मिळाली. विशेष म्हणजे ‘हिला पाहिल्याचं आठवतं का’ या प्रश्नावर बहुतेकांना ठामपणे काही सांगता येत नव्हतं.

लोकलवाल्यांसाठी सर्वात जवळचा अभ्यास मात्र स्टॅनली मिलग्रॅम यांचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या विद्यार्थ्यांनी उपनगरी रेल्वेच्या फलाटांवर उभ्या असलेल्या लोकांचे फोटो काढले आणि नंतर तेच फोटो त्याच प्रवाशांना दाखवले. यातल्या किती जणांना ओळखता? सरासरी चार चेहरे असे निघाले, ज्यांना माणूस रोज बघतो पण ज्यांच्याशी कधीच बोललेला नाही. मिलग्रॅम यांनी या नात्याला नाव दिलं, ‘ओळखीचे अनोळखी’. हे सुद्धा एक नातंच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. दोघांनी न बोलता केलेला करार: तू मला ओळखतोस, मी तुला ओळखतो, पण आपण बोलायचं नाही. हाच माणूस तुम्हाला परगावी, समजा महाबळेश्वरला दिसला, तर तुम्ही धावत जाऊन ‘अरे, तुम्ही नेरळचे ना?’ म्हणाल. फलाटावर मात्र मान वळवाल.

‘रोज बघते म्हणजे...’

इथे एक थांबा घ्यायला हवा, कारण या शोधाचा सर्वात घातक गैरसमज इथेच होतो. रोज दिसलं की माणूस आवडायला लागतो, मग मी रोज तिच्या डब्यासमोर उभा राहिलो तर तीही...

नाही. झायोन्स यांच्या निष्कर्षातली ‘निरुपद्रवी असेल तर’ ही अट विसरून चालत नाही. सुरुवातीला नकोशी वाटलेली गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आणली तर तिच्याबद्दलची नावड कमी न होता वाढते, असं नंतरच्या प्रयोगांत दिसलं. पहिल्याच दिवशी ज्याची नजर खटकली, तो पन्नासाव्या दिवशी आवडत नाही. त्याची धास्ती बसते. दुसरं असं की हे नातं दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. त्याच्यासाठी ती ‘रोजची’ असते, तिच्यासाठी तो फलाटावरच्या दोनशे चेहऱ्यांपैकी एक असतो. त्याच्या मनात पंचवीस प्रकरणांची कादंबरी लिहून झालेली असते, तिने पुस्तक उघडलेलंही नसतं.

हा फरक न कळल्याची किंमत याच मार्गाने मोजली आहे. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात शिरून एका मुलीला एकतर्फी प्रेमातून जिवंत जाळण्यात आलं. महाराष्ट्रात ‘एकतर्फी प्रेम’ या शब्दाला जो काळा अर्थ चिकटला, त्यामागे ही घटना आहे. तिथे प्रेम ‘नाकारलं’ गेलं असं म्हणणंही मला खटकतं. ज्याला कधी होकारच नव्हता, त्याला नकार कसला? हक्काचं काहीतरी हिरावून घेतलं, ही भावना आधी स्वतःच तयार करायची आणि मग तिचा सूड घ्यायचा, असा तो प्रकार असतो. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली, स्त्रीने स्पष्टपणे नको म्हटल्यावरही वारंवार पाठलाग करणं किंवा संपर्क साधणं हा गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. प्रवासात असं काही घडत असेल तर रेल्वेचा १३९ हा क्रमांक आणि पोलिसांचा ११२ हा क्रमांक आहेच.

ग्रुप म्हणजे काय असतं?

आता दुसरा प्रश्न, गुंतण्याचा. आवडणं आणि गुंतणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी लहान मुलं आणि त्यांना सांभाळणारी माणसं यांच्यातल्या बंधाचा सिद्धांत मांडला. १९६९ मध्ये त्याचा पहिला खंड आला. त्यांच्या मांडणीत गुंतल्याच्या ठळक खुणा आहेत: त्या माणसाजवळ असावंसं वाटतं, भीती वाटली की त्याच्याकडे धाव घेतली जाते, तो पाठीशी आहे म्हणून बाहेरच्या जगात वावरायचं बळ येतं आणि तो दूर गेला की जीव कासावीस होतो. १९८७ मध्ये सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर यांनी हेच गणित मोठ्यांच्या प्रेमाला लावून पाहिलं. त्यासाठी त्यांनी अमेरिकेतल्या एका दैनिकात प्रश्नावली छापली होती. उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण नात्यात निवांत असणारे निघाले, उरलेल्यांपैकी काही जवळीक टाळणारे, काही सतत ‘मला सोडून जाईल का’ या काळजीत असणारे. १९९९ मध्ये एलियट स्मिथ आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं: माणूस एखाद्या गटातही असाच गुंततो का? गुंततो, आणि तिथेही कुणी निवांत असतं, कुणाला आपण गटाला नकोसे होऊ अशी धास्ती असते.

लोकलचा ग्रुप हा या अभ्यासाचा जिवंत नमुना म्हणावा लागेल. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी डबा झेंडूच्या माळांनी सजवून पूजा करणारी मंडळी ही रेल्वेची कर्मचारी नसतात. पुरुषांच्या डब्यात टाळ घेऊन अभंग म्हणणारी मंडळं, बायकांच्या डब्यात संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू, नवरात्रात ठरलेल्या रंगाच्या साड्या, परतीच्या गाडीत निवडली जाणारी मेथी, हे सगळं त्या बंधाचं रोजचं खतपाणी. कुणाच्या मुलीला स्थळ बघायचंय, कुणाच्या सासऱ्यांना केईएमला न्यायचंय, कुणाला दहा हजार हवेत, हे घरी कळायच्या आधी ग्रुपला कळलेलं असतं.

आणि बोल्बी म्हणतात तसं, गुंतणं खरं कळतं ते ताटातूट झाल्यावर. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. जूनमध्ये ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, आणि दोन लसमात्रा घेतलेल्या सर्वसामान्यांना प्रवासाची मुभा मिळाली ती १५ ऑगस्ट २०२१ पासून. मधल्या काळात ‘गर्दीतून सुटलो’ असं म्हणणारी माणसंच व्हॉट्सअॅपवर डब्यातले जुने फोटो टाकत होती. प्रवासाचा त्रास कुणाला आठवत नव्हता. आठवत होती ती खिडकी आणि समोरची माणसं.

लांबचा प्रवासी शांत, जवळचा चिडलेला. असं का?

आता खरा गुंता. कर्जतचा प्रवासी सर्वात लांबून येतो, त्याचा सर्वात जास्त वेळ जातो. म्हणजे सर्वात जास्त वैतागलेला तोच असायला हवा. पण डब्यात नजर टाका. सकाळच्या गाडीत कर्जतकर खिडकीशी डुलकी काढत असतो आणि बदलापूर, अंबरनाथला चढलेला, ज्याचा प्रवास तुलनेने कमी आहे, तो दारात कपाळाला आठ्या घालून उभा असतो.

स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात नेमकं हेच तपासलं गेलं. स्टॉकहोमला जाणाऱ्या गाडीत पहिल्या स्टेशनवर चढणारे आणि अर्ध्या वाटेत चढणारे, अशा दोन गटांच्या लघवीतलं अॅड्रेनलिनचं प्रमाण मोजलं. हे संप्रेरक शरीरावरचा ताण दाखवतं. पहिल्या स्टेशनवाल्यांचा प्रवास जवळपास दुप्पट वेळेचा होता, तरी त्यांचा ताण कमी निघाला. कारण साधं होतं: ते चढायचे तेव्हा डबा रिकामा असायचा. कुठे बसायचं, कुणाशेजारी बसायचं, पिशवी कुठे ठेवायची, हे त्यांच्या हातात होतं. मधल्या स्टेशनवाल्याला उरलेलं घ्यावं लागायचं.

म्हणजे त्रास गर्दीचा जेवढा, त्याहून अधिक आपल्या हातात काहीच नसण्याचा. अंबरनाथची माणसं आधी उलट दिशेची गाडी पकडून बदलापूरला जातात आणि तीच गाडी परत फिरते तेव्हा बसून येतात. हिशेबाने पाहिलं तर हा वेळेचा अपव्यय आहे. मनाच्या हिशेबाने ते वीस-पंचवीस मिनिटं देऊन नियंत्रण विकत घेत असतात. बदलापूरचा माणूस यावर भडकतो, आणि त्याचंही बरोबर आहे, कारण त्याच्या वाट्याचं नियंत्रण त्याच्याच स्टेशनावर दुसरा घेऊन बसलेला असतो.

चौथ्या सीटचंही असंच. तीन जणांच्या बाकावर चौथ्याने अर्धवट टेकायचं, हा मुंबईचा अलिखित कायदा. गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी न्यूजर्सीहून न्यूयॉर्कला येणाऱ्या प्रवाशांच्या लाळेतून ताण मोजला आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडला: डब्यात एकूण किती माणसं आहेत याने फारसा फरक पडत नाही, तुमच्या अगदी शेजारी, तुमच्या बाकावर किती दाटी आहे याने पडतो. आता त्या गाड्यांची गर्दी आणि आपली गर्दी यांची तुलनाच नाही. आपल्याकडे एका चौरस मीटरमध्ये उभे असलेले चौदा ते सोळा प्रवासी मोजायला रेल्वेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा खास शब्द काढावा लागला. तरीही मुद्दा लागू पडतो. डब्यातली चारशे माणसं आपल्याला चालतात. मांडीला मांडी घासणारं एकच नको असतं.

हात नेमका कधी उठतो?

१९३९ मध्ये जॉन डॉलर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक ठोक सिद्धांत मांडला होता: वैफल्य आलं की माणूस आक्रमक होतो. म्हणजे हवं ते मिळता मिळता अडलं की राग येतो आणि तो बाहेर पडतो. पुढे लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी त्यात दुरुस्ती केली. फक्त अडवणूकच नव्हे, कुठलीही शारीरिक-मानसिक पीडा, मग तो उकाडा असो, दुखणं असो, दुर्गंध असो, माणसाला आक्रमक व्हायला तयार करते. ठिणगी मात्र समोर कुणीतरी दिसावं लागतं तेव्हा पडते. गाडी लेट झाली, घामाने अंग चिकट झालंय, आज पुन्हा लेटमार्क लागणार. रेल्वे प्रशासनाची कॉलर धरता येत नाही. शेजाऱ्याची धरता येते.

त्यातही एक बारकावा आहे. १९७४ मध्ये मेरी हॅरिस यांनी रांगांमध्ये मुद्दाम माणसं घुसवून पाहिली. रांगेत बाराव्या माणसाच्या पुढे कुणी घुसलं तर तो तितका चिडत नाही. दुसऱ्या माणसाच्या पुढे घुसलं तर तो जास्त भडकतो. ध्येयाच्या जितकं जवळ, तितका राग मोठा. लोकलमधली भांडणं बघा. दारात लटकणारा सहसा सीटसाठी भांडत नाही, त्याने आशाच सोडलेली असते. भांडतात ते बाकाच्या तोंडाशी उभे असलेले, ज्यांची ‘पुढची सीट माझी’ अशी खात्री झालेली असते.

बायकांच्या डब्यात यावर एक चोख व्यवस्था आहे. ‘कुठे उतरणार?’ असं विचारायचं. उत्तर ‘ठाणे’ आलं की ती सीट ठाण्यानंतर तुमची. कुठलाही कागद नाही, टीसी नाही, तरी हा करार रोज हजारो वेळा पाळला जातो. पण तो मोडला की भांडण साध्या धक्काबुक्कीपेक्षा मोठं होतं, कारण आता प्रश्न जागेचा नसतो, शब्दाचा असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये ठाणे-पनवेल लोकलच्या महिला डब्यात तुर्भ्याजवळ रिकाम्या होणाऱ्या एका सीटवरून झालेली हाणामारी देशभर पाहिली गेली. सोडवायला गेलेल्या महिला पोलिसालाही त्यात दुखापत झाली. व्हिडिओखाली ‘बायकाच बायकांच्या शत्रू’ छापाच्या प्रतिक्रिया होत्या. पुरुषांच्या डब्यातल्या भांडणाखाली ‘पुरुषच पुरुषांचे शत्रू’ असं कुणी लिहीत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

आणि राग डब्यातच संपतो असंही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये टिटवाळ्याहून येणाऱ्या लोकलमध्ये सीटवरून वाद झाला आणि त्यातून दुसऱ्या दिवशी घाटकोपर स्थानकावर एका प्रवाशाचा चाकूने खून झाला. पोलिसांनी ताब्यात घेतलेला संशयित १६ वर्षांचा होता. वाद आणि हल्ला यांच्यामध्ये अख्खी एक रात्र होती, हे अंगावर काटा आणणारं आहे. रोजची गाडी, रोजचा डबा ठरलेला असतो म्हणून मैत्री होते. तो ठरलेला असतो म्हणूनच उद्या तो माणूस कुठे सापडेल हेही माहीत असतं.

इथे फेस्टिंगर यांच्या अभ्यासाची दुसरी बाजू सांगायला हवी. १९७६ मध्ये एबे एबेसन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीत लोकांना आवडत्यांबरोबर नावडत्या माणसांबद्दलही विचारलं. मित्र जवळ राहणारे निघाले, हे अपेक्षित होतं. पण ज्यांचा तिटकारा होता ते त्याहूनही जवळ राहणारे निघाले. कारण लांबचा माणूस तुमच्या दारात गाडी लावत नाही, रात्री मोठ्याने गाणी लावत नाही. म्हणजे जवळीक स्वतः प्रेमही निर्माण करत नाही आणि द्वेषही. जे काही असेल ते ती वाढवते.

‘आमचा’ डबा

मग एकाच बाकावर चौथा माणूस कधी ‘सरकून घ्या हो काका’ होतो आणि कधी ‘कुठून येतात काय माहीत’? तो आपल्यातला आहे की नाही, यावर ते ठरतं.

१९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मुझफ्फर शेरीफ यांनी अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं. मुलं दोन गटांत विभागली. आधी प्रत्येक गटाला आपापसात रमू दिलं. गटांनी नावं घेतली, झेंडे केले, म्हणजे थोडक्यात भजनी मंडळ आणि झेंडूच्या माळा. मग स्पर्धा लावल्या. काही दिवसांतच झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालणं सुरू झालं. मोठ्यांनी मुलांना मुद्दाम चिथावलं अशी टीका या प्रयोगावर पुढे झाली आणि ती गंभीर आहे. पण मला त्यातून लोकलबद्दल उलटंच काहीतरी कळतं: चिथावायला कुणी नसलं तरी मर्यादित सीट हे काम चोख करतात.

ग्रुपबद्दल मघाशी लिहिलं ते सगळं खरं आहे, आणि त्याचीच ही दुसरी बाजू. चार मित्रांसाठी रुमाल, पिशवी, पेपर टाकून जागा धरली जाते तेव्हा ते ग्रुपमधलं प्रेम असतं. मधल्या स्टेशनवर पाय ठेवायला धडपडणाऱ्या माणसासाठी ती दादागिरी असते. दारात कोंडाळं करून उभं राहणारे टोळके एकमेकांना घट्ट धरून असतात, पण त्यांच्यामुळे बाहेरच्याला आत सरकता येत नाही. दारात राहणं म्हणजे काय, हे ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दिसलं. समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि किमान चौघांचा जीव गेला. त्या अपघाताचं खापर कुठल्या ग्रुपवर फोडणं चुकीचं ठरेल, तिथली वळणं आणि अपुऱ्या गाड्या हा वेगळा विषय आहे. पण दारातला माणूस आत येऊ शकला की नाही, हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही एवढं त्यातून कळावं.

‘आपण’ची ही रेषा सरकतेही. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आल्या म्हणून कळवा आणि बदलापूरला प्रवासी रस्त्यावर, खरं तर रुळांवर आणि फलाटांवर उतरले. रोज दारात एकमेकांना कोपर मारणारे अचानक एका बाजूला आले. २५ ऑगस्टपासून मध्य रेल्वेने वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. त्यांच्या दृष्टीने प्रश्न फक्त भाड्याचा नव्हता. लोकलला नाव नसतं, वेळ असते. ती वेळच गेली तर तिच्याभोवती जमलेली माणसंही जातात.

याहून मोठं उदाहरण २७ जुलै २०१९ चं. मुसळधार पावसात कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी तासन् तास गाडीत होते. एनडीआरएफ, नौदल यांच्या बोटी आल्या, आसपासच्या गावकऱ्यांनी मदत केली आणि सगळे सुखरूप बाहेर आले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन ड्र्यूरी यांनी लंडनमधल्या जुलै २००५ च्या बॉम्बस्फोटांतून वाचलेल्या प्रवाशांशी बोलून हेच टिपलं होतं. क्षणापूर्वी एकमेकांकडे न बघणारी माणसं, धोका सगळ्यांना सारखाच आहे हे कळताच, एका गटासारखी वागली. गर्दी म्हणजे चेंगराचेंगरी हे समीकरण त्यांना तिथे दिसलं नाही. शेरीफ यांच्या शिबिरातही मुलांची भांडणं मिटली ती एकत्र जेवू घालून नव्हे. पाण्याची टाकी बंद पडली आणि दोन्ही गटांना मिळून ती दुरुस्त करावी लागली, तेव्हा.

नुसतं विचारलं तर?

रोज पूर येत नाही, यावा असंही नाही. मग साध्या मंगळवारी काय करायचं? इथे पुन्हा मिलग्रॅम. १९७० च्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या मेट्रोत पाठवलं आणि धडधाकट माणसाने बसलेल्या प्रवाशाला सरळ विचारायचं असं ठरलं: ‘मला तुमची सीट द्याल का?’ कारण काही सांगायचं नाही. ६८ टक्के लोक उठले किंवा सरकले. अवघड गेलं ते विचारणाऱ्यांना. मिलग्रॅम स्वतः विचारायला गेले तेव्हा त्यांचे शब्द घशात अडकले होते.

आपल्या डब्यात ६८ टक्के उठतील असा माझा दावा नाही. पण चौथी सीट मिळते ती याच वाटेने. जो धक्का देऊन बसतो, त्याच्याशी बाक दादरपर्यंत अबोला धरतो. जो ‘जरा सरकता का?’ म्हणतो, त्याला जागा मिळते, आणि सलग आठवडाभर तो त्याच डब्यात आला तर ‘आज उशीर?’ असा प्रश्नही. ओळखीच्या अनोळखीला आपल्यात घ्यायला एवढं पुरतं. विचारायची सोय सगळ्यांना सारखी नाही, हेही आहेच. नेरळ, भिवपुरीहून करवंदं-जांभळांच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या आदिवासी बायका मालडब्यात खाली बसतात. त्या ‘कुठे उतरणार?’ विचारत नाहीत.

एमयूटीपी-३ मधल्या २९.६ किलोमीटरच्या पनवेल-कर्जत उपनगरी मार्गावर चिखले, मोहोपे आणि खालापूर तालुक्यातलं चौक ही मधली स्टेशनं आहेत. पहिली लोकल सुटेल त्या दिवशी तिथे कुणाचाच डबा, कुणाचीच खिडकी, कुणाचाच ग्रुप ठरलेला नसेल. कर्जतकर एका टोकाला चढेल, पनवेलकर दुसऱ्या टोकाला, आणि दोघेही बसून येतील. चौकचा प्रवासी दोन्ही दिशांना मधल्याच स्टेशनचा.